‘स्टार वॉर्स’ची मूळ संहिता

शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. मूळ ग्रंथ होऊन तोवर तीनशे वर्षे होत आली होती. नकला करणाऱ्यांच्या हातून शब्द बदलले होते, कोणी आपल्या पदरच्या ओव्याही घुसडल्या होत्या. एकनाथांनी पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही शेवटी लिहून ठेवली. पुढे १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक वेगळी प्रत छापली आणि ‘मूळ’ ज्ञानेश्वरी कोणती, हा वाद नव्याने सुरू झाला.

याच जातीचा वाद गेली पंचवीस-तीस वर्षे एका अमेरिकन विज्ञानपटाविषयी चालू आहे, असे म्हटले तर मराठीचे शिक्षक रागावतील आणि विज्ञानाचे हसतील. तरी थोडा धीर धरावा. या वादात रसायनशास्त्र आहे, प्रकाशशास्त्र आहे, संहिताचिकित्सा आहे. आणि आपल्या शाळांच्या कपाटांतल्या वस्तूंशीही त्याचा संबंध पोचतो.

चित्रपट आहे ‘स्टार वॉर्स’. जॉर्ज लुकास यांचा हा चित्रपट २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. १९८१ मध्ये तो पुन्हा लागला, तेव्हा सुरुवातीच्या धावत्या मजकुरात ‘चौथा भाग’ आणि एक उपशीर्षक नव्याने आले होते. हा बदल लहान होता. खरे बदल १९९७ साली झाले. विसाव्या वर्षाच्या निमित्ताने लुकास यांनी ‘स्पेशल एडिशन’ काढली. तिच्यात संगणकाने काढलेले प्राणी घातले, एक गाळलेला प्रसंग परत आणला, आणि खानावळीतल्या चकमकीत आधी गोळी कोण झाडतो हेसुद्धा बदलले. २००४ च्या डीव्हीडीत आणखी बदल झाले, २०११ च्या ब्लू-रेमध्ये आणखी, आणि २०१९ मध्ये त्याच खानावळीच्या प्रसंगात पुन्हा एकदा कात्री फिरली. १९७७ चे रूप मात्र बाजारातून काढून घेण्यात आले. २००६ साली ते डीव्हीडीवर पुरवणी म्हणून दिले गेले, पण १९९३ च्या लेझर डिस्कसाठी केलेल्या जुन्या प्रतीवरून. नव्या दूरदर्शन संचावर ते चित्र चारी बाजूंनी काळ्या पट्ट्यांत आक्रसलेले दिसे.

लेखकाने दुसऱ्या आवृत्तीत कादंबरी सुधारली तर आपण तक्रार करत नाही. सुधारण्याचा हक्क त्याचाच आहे, आणि लुकास यांचे म्हणणेही तेवढेच होते: आपल्याला हवा होता तो चित्रपट आत्ता कुठे तयार झाला. पण कादंबरीची पहिली आवृत्ती वाचनालयात राहते. ‘स्टार वॉर्स’च्या बाबतीत १९९७ ची आवृत्ती करताना मूळ निगेटिव्हच कापून तिच्यात नवे तुकडे जोडले गेले. म्हणजे दुसरी आवृत्ती काढण्यासाठी पहिलीचे हस्तलिखित कापले. याच लुकास यांनी १९८८ साली अमेरिकन संसदेपुढे साक्ष देऊन जुन्या कृष्णधवल चित्रपटांना रंग चढवण्याला कडाडून विरोध केला होता. चित्रपट हा समाजाचा ठेवा आहे आणि तो बदलू देऊ नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. चाहत्यांनी तो जपून ठेवला आणि त्यांनाच ऐकवला.

पण नुसते ऐकवून ते थांबले नाहीत. चेक प्रजासत्ताकातले पेट्र हार्माचेक हे इंग्रजीचे शिक्षक. त्यांनी घरच्या संगणकावर १९७७ चा चित्रपट पुन्हा उभा करायला घेतला. २०११ पासून त्यांच्या ‘डिस्पेशलाइज्ड एडिशन’च्या, म्हणजे ‘विशेष’पण काढून टाकलेल्या आवृत्तीच्या, एकामागून एक सुधारित प्रती निघत गेल्या. पद्धत अशी: पाया म्हणून अधिकृत ब्लू-रे घ्यायचे, कारण त्याचे चित्र सर्वांत रेखीव. जिथे लुकास यांनी बदल केला आहे तिथला तुकडा काढायचा आणि त्या जागी २००६ ची डीव्हीडी, जुन्या ३५ मिलिमीटर प्रतीचे स्कॅन, छायाचित्रे, मिळेल त्या साधनातून मूळ दृश्य बसवायचे. मग रंग जुळवायचे. कधी चौकटीचा डावा कोपरा एका साधनातला तर उजवा दुसऱ्यातला. १२१ मिनिटांचा चित्रपट, सेकंदाला २४ चौकटी. गुणाकार करून पाहा, १,७४,२४० चौकटी होतात. अर्थात प्रत्येक चौकट हाताने दुरुस्त करावी लागली असे नाही, पण कामाचा आवाका कळावा.

दुसरा गट ‘टीम निगेटिव्ह वन’ नावाचा. त्यांनी २०१८ मध्ये ‘४के७७’ ही प्रत पुरी केली. त्यांचा मार्ग सरळ होता. १९७७ साली चित्रपटगृहात फिरलेली टेक्निकलर छपाईची ३५ मिलिमीटर प्रत मिळवायची, ती स्वच्छ करायची, एकेक चौकट स्कॅन करायची, आणि जवळजवळ सगळा चित्रपट त्या एकाच प्रतीतून घ्यायचा. तुटलेल्या जागा तेवढ्या इतर प्रतींतून भरायच्या.

आता या दोन कामांची तुलना. ‘डिस्पेशलाइज्ड’ पाहताना डोळा सुखावतो. चित्र स्थिर आहे, काळे ते काळेच दिसते, ओरखडा नाही. आणि इथेच माझ्या मनात शंका येते. असे चित्र १९७७ साली कोणत्याच पडद्यावर कोणीच पाहिले नव्हते. त्याचा पाया जे ब्लू-रे, त्यात २००४ आणि २०११ च्या तंत्रज्ञांनी दाणा पुसून काढला आहे, रंग बदलले आहेत. हार्माचेक यांनी रंग बरेच मागे आणले, पण पुसलेला दाणा परत कसा आणणार? ‘४के७७’ उलट आहे. तिच्यात दाणा आहे, चित्र किंचित थरथरते, एक रीळ संपून दुसरे लागण्याच्या वेळी कोपऱ्यात ठिपका येतो. करणाऱ्यांनी दाणा कमी केलेली वेगळी प्रतही दिली, पण दाण्याची प्रत वेगळी ठेवली, हे त्यांच्या समजुतीचे लक्षण आहे.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तिच्याशी ताडून पाहिले तर फरक नेमका कळतो. तिथेही संपादकांनी अनेक हस्तलिखितांवरून एक संहिता सिद्ध केली. ती जशीच्या तशी कोणत्याही एका पोथीत नव्हती. पण प्रत्येक श्लोकाखाली कोणत्या पोथीत काय पाठ आहे ते छापले. वाचकाला संपादकाशी भांडता यावे अशी सोय संपादकानेच करून दिली. ‘डिस्पेशलाइज्ड’मध्ये पडद्यावर तळटीप दिसत नाही. कोणता तुकडा कुठून आणला हे दाखवणाऱ्या चित्रफिती करणाऱ्यांनी स्वतंत्रपणे काढल्या आहेत, आणि त्याबद्दल त्यांचे कौतुक करायला हवे. पण चित्रपट हातोहात फिरतो आणि टीप मागे राहते. म्हणून अभ्यासासाठी एकच प्रत निवडायची झाली तर मी ‘४के७७’ निवडीन. ती एका साक्षीदाराची जबानी आहे, अडखळणारी, पण एकाच तोंडची.

विज्ञानाचे शिक्षक इथे विचारतील, की ज्या चित्रपटात निर्वात पोकळीत स्फोटाचा आवाज येतो त्याच्या शुद्ध पाठासाठी एवढी धडपड कशाला? १९७७ च्या संवादात एक वैमानिक आपल्या यानाच्या वेगाची फुशारकी मारताना ‘पार्सेक’ हा शब्द असा वापरतो, की ते जणू वेळेचे एकक असावे. पार्सेक हे अंतराचे एकक आहे, सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे. उद्या एखाद्या उत्साही चाहत्याने तिथे योग्य एकक घातले तर विज्ञान सुधारेल, पण पुरावा बुडेल. १९७७ साली लोकप्रिय चित्रपटात विज्ञानाचे शब्द किती ऐकीव होते, हे त्या चुकीवरूनच कळते. १९९७ च्या आवृत्तीचा नमुना तर आणखी बोलका आहे. शेवटच्या मोठ्या स्फोटाला तेव्हा एक सपाट तेजस्वी कडे जोडले गेले. निर्वातात सर्व बाजूंना सारखा होणारा स्फोट गोल कवचासारखा फुगत जाईल. चकतीसारखे कडे हवे तर काही खास कारण लागेल. जुन्या चित्रपटातल्या ठिणग्यांचा साधा भपका भौतिकीच्या अधिक जवळ होता! वीस वर्षांत साधने सुधारली आणि विज्ञान मागे गेले. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवता आल्या तरच नववी-दहावीच्या वर्गात हे दाखवता येते.

‘टेक्निकलर प्रत’ म्हणजे काय, ते सांगायचे राहिले. नेहमीच्या रंगीत फितीत रंग रासायनिक क्रियेने फितीतच तयार होतात. निळसर-हिरवा, किरमिजी आणि पिवळा असे तीन रंगद्रव्यांचे थर. १९८० च्या दशकापूर्वीच्या प्रतींतला निळसर-हिरवा थर अंधारात, डब्यात ठेवूनही लवकर फिका पडतो. उरतो तो किरमिजी, आणि सगळा चित्रपट गुलाबी दिसू लागतो. जुन्या थिएटरांत सकाळच्या खेळाला लागणाऱ्या रंगीत चित्रपटांची ही गुलाबी कळा अनेकांना आठवत असेल. टेक्निकलरची जुनी पद्धत वेगळी होती. तीन रंगांचे तीन ठसे करून, कापडावर छाप मारावी तसे पक्के रंग एकावर एक फितीवर उतरवत. हे रंग टिकतात. हॉलिवूडमध्ये ही छपाई १९७० च्या दशकाच्या मध्याला बंद झाली होती, पण लंडनचा कारखाना चालू होता आणि ‘स्टार वॉर्स’च्या काही प्रती तिथे निघाल्या. चाहत्यांना खरा रंग कोणता हे ठरवायला आधार मिळाला तो या प्रतींचा. अशीच एक प्रत ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने थंड साठ्यात ठेवली होती. १२ जून २०२५ रोजी लंडनमध्ये त्यांच्या महोत्सवाच्या उद्घाटनाला ती लोकांसमोर दाखवण्यात आली आणि रंग उतरलेले नव्हते.

थंड आणि कोरडा साठा, हे दोन शब्द आमच्याकडे हसण्यावारी जातात. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि घाट चढून महाबळेश्वरला गेले की साडेपाच हजारांच्या आसपास. जुलैत हवेची सापेक्ष आर्द्रता नव्वदीच्या घरात. चपलेला, कातडी पट्ट्याला आणि वह्यांच्या पुठ्ठ्याला बुरशी येते, तिथे व्हिडिओ कॅसेट काय टिकणार? चुंबकीय फितीत पॉलिएस्टरच्या पट्टीवर लोह-ऑक्साइडचे कण पॉलियुरेथेनच्या गोंदाने चिकटवलेले असतात. हा गोंद हवेतले पाणी घेऊन विघटित होतो, म्हणजे त्याचे जलअपघटन होते. फीत चिकट होते, यंत्रात किंचाळते आणि आपला थर हेडवर सोडते. सिनेमाच्या ॲसिटेट फितीचे दुखणे वेगळे. पाण्याने ॲसिटेट तुटले की ॲसिटिक आम्ल सुटते आणि हे आम्ल पुढची तोडणी आणखी वेगाने करते. डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो. एकदा वास आला की क्रिया थांबवता येत नाही, थंडाव्याने फक्त मंदावता येते. बारावीच्या रसायनशास्त्रात स्वयंउत्प्रेरणाचे उदाहरण शोधणाऱ्यांनी हे जरूर वापरावे.

पाऊस सोडा, पूरही आहे. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचे पाणी महाडमध्ये शिरले तेव्हा घराघरांतले फोटोंचे अल्बम आणि कागद चिखलात गेले. एका गावात एकच प्रत असणे म्हणजे ती नसण्याच्या वाटेवर असणे. इंग्लंडमध्ये बीबीसीला हा धडा फार महाग पडला. १९६३ साली सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा-मालिकेचे जुने भाग त्यांनी पुसून टाकले, कारण फिती महाग होत्या आणि पुन्हा वापरता येत होत्या. नव्वदहून अधिक भागांचे चित्र आजही नाही. पण आवाज? आवाज प्रत्येक भागाचा आहे. तो कोणी राखला? साठच्या दशकात घरच्या टेपरेकॉर्डरवर दूरदर्शन संचापुढे बसून ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलांनी. चित्रे सापडली तीही अशीच दूरदेशी. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातल्या दूरचित्रवाणी केंद्रात नऊ भाग मिळाले, कारण कधीकाळी तिथे प्रती विकल्या होत्या.

याच मालिकेच्या एका दुरुस्तीत भौतिकीचा फार सुरेख वापर झाला. ‘द डीमन्स’ ही १९७१ ची रंगीत कथा. तिच्या मूळ रंगीत फिती बहुतेक पुसल्या गेल्या. उरल्या त्या परदेशी विक्रीसाठी काढलेल्या १६ मिलिमीटरच्या कृष्णधवल प्रती, रेखीव पण बेरंग. दुसरीकडे अमेरिकेतल्या एका चाहत्याने प्रक्षेपण चालू असताना घरच्या बीटामॅक्सवर केलेले रेकॉर्डिंग होते, रंगीत पण धूसर. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या दोघांचा संकर केला गेला. बारकावा कृष्णधवल फितीतून घेतला आणि रंग त्या धूसर कॅसेटमधून वर पसरला. हे जमले याचे कारण आपला डोळा. प्रकाशाच्या कमी-जास्तपणातले बारीक तपशील तो टिपतो, रंगातले नाही. रंग थोडा कडेबाहेर सांडला तरी त्याला खटकत नाही. रंगीत दूरचित्रवाणीची सारी रचनाच या उणिवेवर उभी आहे: तेजस्वितेला रुंद पट्टा, रंगाला अरुंद. रंगवायच्या पुस्तकात लहान मूल रेषेबाहेर रंग नेते, तरी काळ्या रेषेमुळे चित्र ओळखू येते, तसेच.

फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ची गोष्ट याहून जुनी. जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनला पूर्ण चित्रपट दाखवला गेला, आणि काही महिन्यांतच वितरकांनी त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा कापून फेकला. पुढची ऐंशी वर्षे जगाने पाहिला तो लंगडा चित्रपट. २००८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात १६ मिलिमीटरची एक प्रत निघाली, आणि तिच्यात हरवलेली सुमारे २५ मिनिटे होती. तिचा मूळ मालक होता एक अर्जेंटिनी चित्रपट-समीक्षक, त्याने ती स्वतःच्या संग्रहासाठी मिळवली होती. दुर्दैव असे, की मूळ ३५ मिलिमीटर नायट्रेट प्रतीवरून ही छोटी प्रत काढताना ओरखडेही तिच्यात छापले गेले. फेब्रुवारी २०१० मध्ये बर्लिनला दाखवलेल्या आवृत्तीत हे तुकडे ओरखड्यांसह ठेवले आहेत. प्रेक्षकाला चटकन कळते, हा भाग तिकडून आलेला. ही पडद्यावरची तळटीपच झाली. तुकड्यांचा क्रम लावायला मदत झाली ती गॉटफ्रीड हुपर्ट्झ यांच्या मूळ संगीतलेखनाची, कारण त्यात कोणत्या स्वराला पडद्यावर काय चालू असेल अशा हजाराहून अधिक खुणा होत्या.

मधे १९८४ साली संगीतकार ज्योर्जिओ मोरोडर यांनी ‘मेट्रोपोलिस’ रंगछटा देऊन, पॉप गाणी घालून, दीड तासाहून लहान करून आणला होता. तो मला आवडत नाही. पण एक मान्य करायला हवे: त्यांनी तो आपला म्हणून आणला, आपले नाव घालून, आणि मूळ फितीला हात लावला नाही. कीर्तनकार अभंगावर आपले निरूपण लावतो, पण गाथेत लिहून ठेवत नाही.

आता आपल्या घरचे उदाहरण. दादासाहेब फाळके यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’आधी वाटाण्याचे रोप उगवताना दाखवणारा एक छोटा चित्रपट केला. कुंडीत वाटाणे पेरून समोर कॅमेरा मांडला, चौकट-चौकट टिपत महिन्याची वाढ मिनिटाभरात दाखवली. तो पाहून त्यांना पुढच्या चित्रपटासाठी कर्ज मिळाले. भारतातला हा पहिला शैक्षणिक विज्ञानपट मानावा लागेल, आणि तो आज अस्तित्वात नाही. पुस्तकांत सगळीकडे लिहिलेले असते, की फाळके महिनाभर रोज एक चौकट घेत आणि चित्रपट मिनिटाहून थोडा मोठा झाला. हा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. मूकपटाचा वेग सेकंदाला १६ चौकटी धरला तर रोजच्या एका चौकटीने महिन्याला तीस चौकटी, म्हणजे दोन सेकंदही नाहीत. मिनिटभरासाठी ९६० चौकटी लागतील, दिवसाला तीसेक. तेव्हा एक तर चौकटी अधिक घेतल्या, किंवा तो चित्रपट मिनिटाचा नव्हता. फीत असती तर कोणीही मोजून सांगितले असते. ती नाही म्हणून शंभर वर्षे आपण एकमेकांचे वाक्य उतरवत आलो आहोत. नकलाकारांच्या चुकांविषयी वर लिहिले ते हेच!

फाळक्यांचे जे थोडे उरले आहे ते एका चाहत्यामुळे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथे सुमारे १२,००० चित्रपट गोळा केले. सरकारी नोकर होते, पण लहानपणापासून चित्रपटाची तिकिटे साठवणारा हा माणूस वृत्तीने चाहताच. नाशिकला फाळक्यांच्या वारसांपर्यंत ते गेले आणि तिथून ‘कालियामर्दन’ (१९१९) हाती आला. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे, आणि पाण्याखालच्या युद्धाची करामत विज्ञानकथेच्या कोणत्याही जुन्या चित्रपटाशेजारी मांडता येईल. जॉर्ज मेलिएस यांच्या १९०२ च्या चंद्रावरच्या सफरीची हाताने रंगवलेली प्रत १९९३ मध्ये बार्सिलोनाला मिळाली आणि २०११ मध्ये दुरुस्त होऊन कान महोत्सवात लागली. त्या दोन फिती एकाच तासाला दाखवाव्यात. नायर यांनी वाचवलेले सर्व तरी कुठे वाचले? ८ जानेवारी २००३ रोजी पुण्याच्या प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारातला नायट्रेट साठा जळाला आणि कितीतरी जुन्या चित्रपटांच्या मूळ फिती गेल्या. नायट्रेट फितीत ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन तिच्याच रेणूत असतो. ती पाण्याखालीही जळते.

संरक्षणाच्या नावाखाली आणखी एक उद्योग चालतो, त्याविषयी थोडक्यात. ‘द फँटम मेनेस’ (१९९९) या पुढच्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातून मायकेल निकोल्स या संकलकाने वीसएक मिनिटे कापून ‘फँटम एडिट’ केला. तो व्हिडिओ कॅसेटवर हातोहात फिरला. सुरुवातीच्या धावत्या मजकुरात त्याने आपण निराश चाहते आहोत आणि कापाकापी का केली हे सरळ लिहिले होते, म्हणून त्याला खोटेपणा म्हणता येत नाही. संकलन शिकवायला तो उत्तम आहे. विनोदी पात्राची वटवट कमी झाल्यावर प्रसंगाचा ताण कसा बदलतो ते प्रत्यक्ष दिसते. पण हे जतन नव्हे, समीक्षा आहे, कात्रीने लिहिलेली. दोन्हीला एकच शब्द वापरणारे चाहते आपल्याच बाजूचे नुकसान करतात. ‘ब्लेड रनर’ (१९८२) च्या निर्मात्यांनी हा घोळ सोडवून दाखवला. २००७ मध्ये त्यांनी चित्रपटाच्या पाच आवृत्त्या, कच्च्या प्रतीसह, एकाच संचात दिल्या. ज्याला जी हवी ती त्याने पाहावी. चाहत्यांना चोरवाटेने काही करण्याची गरजच उरली नाही.

चोरवाट हा शब्द मुद्दाम वापरला. आपल्या कायद्यानुसार चित्रपटाचा प्रताधिकार प्रकाशनानंतर साठ वर्षे चालतो, म्हणजे १९७७ च्या चित्रपटाचा २०३७ अखेरपर्यंत. अधिकृत डिस्क विकत घेतलेल्यांनीच आमची प्रत पाहावी, अशी विनंती हे गट करतात. विनंती प्रामाणिक आहे, कायद्याला ती पुरत नाही. वर्गात दाखवायला फाळके आणि मेलिएस मोकळे आहेत. १९२७ चा ‘मेट्रोपोलिस’ही मोकळा झाला आहे, पण नव्या दुरुस्त आवृत्तीचे ध्वनिमुद्रण वगैरे वेगळ्या हक्काचे असू शकते, ते पाहून घ्यावे.

आणि कपाट? अनेक शाळांत व्हीएचएस कॅसेटी पडून आहेत. पुण्याची ‘बालचित्रवाणी’ १९८४ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद झाली. तिचे कार्यक्रम कित्येक शिक्षकांनी प्रक्षेपणावरून टिपून ठेवले होते. २४ ऑक्टोबर १९९५ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे दूरदर्शनवरचे प्रक्षेपण कोणी टिपले असेल, ‘ब्रह्मांड’ मालिकेचा एखादा भाग असेल. या कॅसेटी चालवणारी यंत्रेही संपत आली आहेत. नवे व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवले. तेव्हा चालू यंत्र कोणाकडे आहे ते याच वर्षी शोधावे. कॅसेटीला पांढरी बुरशी दिसत असेल तर ती यंत्रात घालू नये, एक रोगट कॅसेट हेड खराब करून पुढच्या सगळ्यांना डाग लावते. बाकीच्या उभ्या ठेवाव्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर. प्रयोगशाळेतले निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा निळे करून वापरता येतात. संगणकावर उतरवताना सुरुवातीच्या जाहिराती, मधली बातमी, वीज गेल्यावर आलेली काळी पट्टी, काहीच कापू नये. आणि सोबत कागदावर लिहावे: कोणत्या वाहिनीवरून, कोणत्या तारखेला, कोणत्या यंत्रावर टिपले, आणि कुठे काय तुटले आहे. एक प्रत शाळेत, दुसरी घाटमाथ्यावरच्या एखाद्या मित्राच्या घरी.